कुणाच्याच विभागात नसलेले काम

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी वाळू-चाचणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले, तेव्हा तिथून पुढे कुठे जाता येईल याचा फारसा विचार केला नव्हता, कारण त्या वाटेवर पुढे जाण्यासारखी जागाच नव्हती. प्रयोगशाळेचे एक प्रमुख आणि त्यांच्या हाताखाली आम्ही दोघे-तिघे, एवढाच तो विभाग. प्रमुख निवृत्त झाल्याशिवाय कुणी वर सरकायचे नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मात्र व्यवस्थापनाने मला ‘दोष-विश्लेषण समन्वयक’ या पदावर बढती दिली. हे पद त्याआधी आमच्या कारखान्यात अस्तित्वातच नव्हते. त्याची जाहिरात निघाली नव्हती, मी अर्ज केला नव्हता आणि असे काही घडत असल्याची कुणकुणही मला लागली नव्हती. या काळात उद्यमबाग, मच्छे आणि कोल्हापूरच्या शिरोली भागात काम करणाऱ्या ओळखीच्या अनेकांनी मला विचारले की हे पद नेमके कसले आणि ते तुझ्याकडे कसे आले. त्याचे सविस्तर उत्तर इथे लिहीत आहे.

फौंड्रीचे काम बाहेरून एकसंध दिसते, पण आत ते अनेक विभागांत वाटलेले असते. सँड प्लांटमध्ये सिलिका वाळू, बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळून साच्याची वाळू तयार होते. मोल्डिंगचे मेस्त्री ती पॅटर्नवर, म्हणजे हव्या त्या वस्तूच्या नमुन्यावर, ठासून साचा उठवतात. कास्टिंगच्या, म्हणजे ओतून तयार होणाऱ्या वस्तूच्या, आत जी पोकळी हवी असते, तिच्यासाठी कोअर शॉपमध्ये वाळूचा वेगळा कोअर बनतो. इंडक्शन भट्टीवर भंगार आणि पिग आयर्न वितळवून रस तयार केला जातो आणि लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, साच्यात ओतला जातो. थंड झाल्यावर साचा फोडून कास्टिंग फेटलिंगला जाते, तिथे घासून साफ होते, आणि तपासणीनंतर मशीन शॉपला किंवा थेट गिऱ्हाइकाकडे रवाना होते. प्रत्येक विभागाचा प्रमुख सांगतो की आमच्या दारातून माल चांगलाच बाहेर पडला, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. दोष निर्माण होतो तो पुष्कळदा दोन विभागांच्या मधल्या जागेत. साचा उत्तम असतो, कोअरही उत्तम असतो, पण तो कोअर साच्यात बसवला जाईपर्यंत कुठे आणि किती काळ पडून होता, याची नोंद ठेवणे हे कुणाचेच काम नसते. आमच्याकडे रिजेक्शनचा हिशेब वजनात आणि टक्केवारीत होत असे. किती माल पुन्हा भट्टीत गेला हे महिनाअखेरीस सर्वांना कळायचे. तो का गेला हे विचारले की प्रत्येक जण शेजारच्या विभागाकडे बोट दाखवायचा.

माझे रोजचे काम वाळूचे होते. मोल्डिंग सुरू असताना ठरावीक वेळाने सँड प्लांटमधून नमुना आणायचा, त्यातली वजन करून घेतलेली वाळू नळीत भरून तिच्यावर रॅमरचे तीन ठोके द्यायचे, म्हणजे ५० मिलिमीटर व्यासाची आणि तितक्याच उंचीची एक वडी तयार होते. ती वडी दाबून तिची ताकद मोजायची आणि तिच्यातून हवा किती सहज जाते ते पाहायचे. ओलाव्यासाठी बंद भांड्यात वाळूबरोबर कॅल्शियम कार्बाइडची पूड घालून ते हलवायचे. कार्बाइडचा पाण्याशी संयोग होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबाने काटा सरकून ओलाव्याची टक्केवारी थेट दाखवतो. आमच्या साच्यांसाठी हा आकडा ३ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान राहावा लागतो. हे आकडे रजिस्टरमध्ये उतरवले की माझी जबाबदारी संपत असे.

या कामाला मी स्वतःहून एक जोड दिली होती. तपासणीत नापास होऊन बाजूला टाकलेल्या कास्टिंगवरचा हीट नंबर, म्हणजे ते भट्टीच्या कोणत्या रसातून ओतले त्याचा क्रमांक, पाहायचा आणि ते कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, वाळूच्या कोणत्या बॅचमध्ये ओतले गेले, हे माझ्या वहीत मागे जाऊन जुळवायचे. हे मला कुणी सांगितले नव्हते. मी तपासलेल्या वाळूचे पुढे काय झाले, हे मला जाणून घ्यायचे होते. हळूहळू वहीतले रकाने वाढत गेले: दोषाचा प्रकार, तो कास्टिंगच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, साच्याच्या बाजूला आहे की कोअरच्या, ओतताना रसाचे तापमान किती होते, आणि सर्वांत शेवटी, कोअर कधी बनवला होता.

बेळगावचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना जून ते सप्टेंबर या काळात फौंड्रीची काय अवस्था होते हे वेगळे सांगायला नको. उघड्यावरचे भंगार गंजते, बेंटोनाइटच्या गोण्या दमट होतात, लॅडलचे अस्तर नीट सुकत नाही. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात पंपाच्या एका केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, ब्लो होल (वायू अडकून झालेल्या पोकळ्या) निघू लागले. बाहेरून कास्टिंग अगदी स्वच्छ दिसे. मशीनवर आतला व्यास कापायला घेतला की कुठेतरी तीन-चार मिलिमीटरची, आतून गुळगुळीत आणि चकचकीत पोकळी उघडी पडे. आतल्या भिंती अशा चकचकीत असणे ही वायू अडकल्याची खूण. ओतकामाचा खर्च झाला, फेटलिंगचा झाला, मशीनिंगचाही झाला, आणि त्यानंतर माल भंगारात, असा तो प्रकार होता.

पहिला संशय वाळूवर आला आणि तो रास्तच होता. साच्यात पाणी जास्त झाले की रसाच्या उष्णतेने त्याची वाफ होते, त्या वाफेचे आकारमान पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक असते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती लोखंडातच अडकून बसते. म्हणून मोल्डिंगने वाळूतले पाणी कमी करून पाहिले. त्याने साच्यांच्या कडा ढासळू लागल्या, सुटी वाळू रसात मिसळू लागली आणि ब्लो होल होते तसेच राहिले. मी वहीतले रकाने एकाखाली एक वाचत गेले तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. पोकळ्या जवळजवळ सगळ्या कोअरच्या बाजूला होत्या, आणि साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीतल्या मालात त्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. त्या पाळ्यांमध्येही साच्याच्या वाळूचा ओलावा मर्यादेतच होता.

आमच्याकडचे कोअर सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूतून कार्बन डायऑक्साइड वायू सोडून कडक केले जातात. ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे, पण असा कोअर दमट हवेत पडून राहिला तर ओल शोषून घेतो आणि ठिसूळ होत जातो. कोअर शॉपमध्ये बहुतेक महिला काम करतात. कुणी अनगोळहून येते, कुणी मजगावहून, कुणी खानापूर तालुक्यातून रोजची ये-जा करते. त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या मावशींना मी विचारले की सुट्टीच्या आदल्या दिवशी बनवलेले कोअर कुठे ठेवता. त्या मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. पत्र्याखाली, वाऱ्याबरोबर पावसाचे तुषार आत येतील अशा बाजूला, लाकडी फळ्यांवर कोअर ओळीने मांडलेले होते. मावशींनी एका कोअरच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि वाळू भुरभुर गळून त्यांच्या तळहातावर पडली. त्या म्हणाल्या, “हे दोन दिस असल्या हवेत राहिलेत बघ. ताजा असला तर नखानं बी सुटत नाही.” ही गोष्ट त्यांना कितीतरी आधीपासून ठाऊक होती. त्यांना विचारायला कुणी आले नव्हते, आणि आपण होऊन सांगायचे तर कुणाकडे जाऊन सांगायचे, याचे उत्तर कारखान्यात कुणापाशीच नव्हते.

त्यानंतर जे केले ते साधे होते. प्रत्येक कोअरच्या प्रिंटवर, म्हणजे रसाचा स्पर्श होत नाही त्या भागावर, खडूने तारीख आणि पाळी लिहायला सुरुवात झाली. जुना कोअर आधी वापरायचा असा नियम केला. फळ्या आतल्या भिंतीकडे हलवल्या, आणि पावसाळ्यात एका दिवसाहून अधिक काळ राहिलेला कोअर ओव्हनमध्ये पुन्हा सुकवूनच साच्यात बसवायचा, असे ठरले. सप्टेंबर संपण्याआधी केसिंगमधले ब्लो होल जवळजवळ थांबले.

त्याच सुमारास पंप बनवणाऱ्या गिऱ्हाईक कंपनीचे अधिकारी ऑडिटसाठी आले. त्यांनी आधीच्या तक्रारीवर ‘८डी’ अहवाल मागितला होता. या पद्धतीची पुस्तिका फोर्ड कंपनीने १९८७ साली काढली आणि पुढे वाहन-उद्योगाबाहेरही ती रूढ झाली. संघ नेमणे, दोषाचे नेमके वर्णन, तात्पुरता बंदोबस्त, मूळ कारण, उपाय निवडणे, तो अमलात आणणे, दोष पुन्हा होऊ न देण्याची व्यवस्था आणि शेवटी संघाची दखल, अशा आठ पायऱ्या त्यात असतात. बैठकीत त्या अधिकाऱ्यांनी विचारले की या अहवालावर सही कोण करणार. मोल्डिंग, भट्टी, कोअर शॉप आणि तपासणी या सर्वांच्या प्रमुखांनी आपापला भाग व्यवस्थित मांडला, परंतु सहीसाठी कुणी पुढे आले नाही, कारण सबंध घटना एकाही प्रमुखाच्या कक्षेत येत नव्हती. तेव्हा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी माझी वही टेबलावर ठेवली आणि ती कुणी लिहिली हे माझे नाव घेऊन सांगितले. ती वही त्यांनी विभागाची म्हणून दाखवली असती तरी कुणाला वावगे वाटले नसते. त्यांनी तसे केले नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवत आहे.

खंडेनवमीला भट्टीची आणि यंत्रांची पूजा झाली, दसरा पार पडला, आणि पुढच्या आठवड्यात मालकांनी मला बोलावून घेतले. वहीची प्रत हवी असेल अशा समजुतीने मी ती सोबत घेऊन गेले. मालक म्हणाले, “हे काम तू करतेच आहेस. आता ते रीतसर तुझ्या नावावर करूया.”

मला आश्चर्य वाटण्याची कारणे होती. आमच्या भागातल्या फौंड्रीत बढतीची शिडी ठरलेली असते: मोल्डर, मेस्त्री, सुपरवायझर, आणि फार झाले तर शॉपचा प्रमुख. त्या शिडीवर चढतो तो उत्पादनातला माणूस. प्रयोगशाळा ही उत्पादनाच्या बाजूला उभी असलेली सेवा मानली जाते, तिथून शॉपच्या कामात कुणी येत नाही. त्यातही स्त्री तर नाहीच. गिऱ्हाइकाच्या दबावामुळे असे पद करायचेच झाले, तर बाहेरून एखादा अनुभवी अभियंता आणला जाईल असेच मला वाटले असते. मी बी.एस्सी. केले आहे ते रसायनशास्त्रात. अभियांत्रिकीची पदवी माझ्याकडे नाही. तरीही ही बढती मी कमावली आहे असे मला वाटते, आणि तसे स्पष्टपणे लिहायला मला संकोच वाटत नाही. ती वही कुणी सांगितली म्हणून लिहिलेली नव्हती आणि त्या कामाचा मोबदला कधी मिळेल अशी अपेक्षाही नव्हती, पण ते काम होते आणि ते मन लावून केले होते.

मी लगेच होकार दिला नाही. चिकोडी तालुक्यात साखर कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला असेच नवे पद मिळाले होते. तिचे जुने काम कमी झाले नाही, पगार वाढला नाही आणि दाराच्या पाटीपलीकडे तिच्या हाती काहीच आले नाही. जुन्या पदावर जाणाऱ्याला आधीच्या माणसाने घालून दिलेली चौकट मिळते, त्याचे अधिकार कोणते आणि जबाबदाऱ्या कोणत्या हे चार लोकांना माहीत असते. नव्या पदाला यातले काही नसते. पत्रात जे लिहिले जाईल तेवढेच ते पद, आणि जे लिहायचे राहील ते नंतर मागताना भांडण होते. म्हणून मी काही गोष्टी पत्रात स्पष्ट करून मागितल्या.

त्यातली सर्वांत महत्त्वाची ही की मी उत्पादन प्रमुखांच्या हाताखाली नसावे, माझा अहवाल थेट वर्क्स मॅनेजरकडे जावा. ज्यांच्या विभागातले दोष शोधायचे त्यांच्याच सहीने माझी रजा मंजूर होणार असेल, तर हे काम प्रामाणिकपणे होऊ शकत नाही. दुसरी मागणी लॉट रोखण्याच्या अधिकाराची होती. संशय आला तर माल पिवळी चिठ्ठी लावून थांबवता आला पाहिजे, आणि तो सोडण्याचा निर्णय कारण लिहूनच झाला पाहिजे. या मुद्द्यावर बराच वेळ चर्चा झाली, कारण पाठवणीची तारीख चुकली तर गिऱ्हाइकाचा दंड बसतो आणि ती काळजी खोटी नाही. अखेर एका पाळीपुरता माल रोखण्याचा अधिकार मला मिळाला. त्यापुढे वर्क्स मॅनेजर ठरवतात. ही तडजोड मला आजही योग्य वाटते. वाळूच्या चाचण्या दुसऱ्याकडे सोपवल्या जातील आणि पगारवाढ पहिल्या महिन्यापासून लागू होईल, हेही पत्रात आले.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बाबांनी पगाराआधी माल रोखण्याच्या अधिकाराबद्दल विचारले. आम्ही वडगावचे, बाबांचे आयुष्य साड्यांच्या यंत्रमागावर गेले. ताण्यातला एक धागा तुटला तरी माग तिथल्या तिथे थांबवावा लागतो, नाहीतर ती रेघ साडीच्या टोकापर्यंत जाते, हे त्यांनी मला लहानपणापासून दाखवले आहे. कारखान्यात तो थांबवणारा हात माझा असणार हे ऐकून त्यांना जो आनंद झाला, तो माझ्या पदाच्या नावाने झाला नव्हता.

पहिले काही महिने सोपे नव्हते. मोल्डिंगच्या मेस्त्रींना वाटले की मी त्यांच्या चुका मोजायला आले आहे, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते. त्यांची भीती बोलण्याने गेली नसती. मी रोज सकाळी साडेनऊला आदल्या दिवशीचे नापास कास्टिंग तपासणी विभागातल्या एका टेबलावर मांडून ठेवू लागले आणि प्रत्येक विभागातल्या एकाने तिथे यावे असा नियम वर्क्स मॅनेजरांकडून करून घेतला. टेबलावर कागद नसतो, फक्त माल आणि त्यावर खडूने लिहिलेला हीट नंबर असतो. कोल्ड शट असेल तर रसाचे दोन प्रवाह जिथे भेटले पण एकजीव झाले नाहीत, ती रेघ सर्वांना दिसते. साच्याचे दोन भाग सरकले असतील तर कडेवर बोट फिरवून ते कळते. वस्तू समोर असली की कुणाची चूक यावर होणारी चर्चा आपोआप कशामुळे झाले याकडे वळते. या टेबलाभोवती मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. भट्टीवरचे अण्णा गोकाककडचे, मेस्त्री चंदगडचे, फेटलिंगची मुले बैलहोंगलकडची. ज्याला जे ज्या भाषेत नीट सांगता येते, त्याने ते त्या भाषेत सांगावे आणि मी दोन्हीत लिहून घ्यावे, असे चालते. सीमाभागात वाढल्याचा मला या कामात जेवढा उपयोग झाला, तेवढा दुसऱ्या कशात झाला नसेल.

सगळ्या दोषांची उकल कोअरच्या ओलीइतकी सरळ नसते. सध्या आम्ही एसजी आयर्नच्या एका कास्टिंगवर अडलो आहोत. या लोखंडात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात यावे म्हणून रसात मॅग्नेशियम घालतात, आणि तयार लोखंडात ते साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के उरावे लागते. रस लॅडलमध्ये जितका वेळ राहील तितके मॅग्नेशियम कमी होत जाते, म्हणून प्रक्रिया झाल्यापासून दहा-बारा मिनिटांच्या आत ओतकाम पूर्ण करावे लागते. पहिले साचे उत्तम येतात आणि शेवटच्या साच्यांमध्ये गोळे बिघडलेले दिसतात. अण्णांचे म्हणणे असे की साचे भट्टीपासून दूर मांडल्यामुळे वेळ जातो. मेस्त्रींचे म्हणणे असे की जवळ मांडायला जागा नाही. दोघेही खरे बोलत आहेत. आता लॅडलवर घड्याळ लावून प्रत्येक साचा कितव्या मिनिटाला भरला ते लिहायला आम्ही सुरुवात केली आहे, आणि एका लॅडलमध्ये रस कमी घेऊन फेऱ्या वाढवण्याचा प्रस्ताव मी दिला आहे. त्यात विजेचा खर्च वाढेल, म्हणून निर्णय अजून झालेला नाही.

८डी पद्धतीतली आठवी पायरी, म्हणजे संघाची दखल, पुष्कळ ठिकाणी एका ओळीत उरकली जाते. केसिंगच्या अहवालात त्या जागी मी कोअर शॉपमधल्या मावशींचे नाव लिहिले आणि त्यांनी काय दाखवले तेही लिहिले. गिऱ्हाइकाकडे गेलेल्या कागदावर आपले नाव आहे, हे त्यांना दाखवले तेव्हा त्यांनी तो कागद शेजारच्या बाईकडून वाचवून घेतला आणि प्रत मागितली. या वर्षीचा पाऊस सुरू होण्याआधी कोअर शॉपनेच फळ्यांना ताडपत्रीचा आडोसा करून घेतला. मला त्यासाठी एक शब्दही बोलावा लागला नाही. पावसाळा पार पडला आणि त्या केसिंगची ब्लो होलची तक्रार आली नाही.

आता अडचण रात्रपाळीची आहे. माझे पद एकच आहे आणि मी दिवसा असते. रात्री ओतलेल्या मालातला दोष सकाळी टेबलावर येईपर्यंत पुढचा अख्खा लॉट तयार झालेला असतो. दिवाळीच्या आधी मी वर्क्स मॅनेजरांना लिहून दिले आहे की रात्रपाळीसाठी दुसरा समन्वयक नेमावा, त्यालाही माल रोखण्याचा तोच अधिकार असावा, आणि तो माणूस बाहेरून न आणता भट्टीवर अण्णांच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुणाला तयार करावे. लॅडलच्या वेळा सध्या तोच लिहितो, आणि मी न सांगताच त्याने त्या कागदावर साच्यांच्या अंतराचा एक रकाना स्वतः आखला आहे.